गडचिरोलीतील पक्षाघात : मृत्यूच्या कारणाचे निदान आणि रक्तदाबाचा उपचार

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जंगलाने व्यापलेल्या या जिल्ह्याच्या आरोग्याचा विचार दीर्घकाळ हिवताप, कुपोषण, बालमृत्यू आणि सिकलसेल या चार शब्दांतच होत राहिला. हे प्रश्न खरे होते आणि आजही पूर्णपणे सुटलेले नाहीत. मात्र उच्च रक्तदाब, हृदयविकार व मधुमेह हे शहरातील सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या लोकांचे आजार होत, ही समजूत त्याबरोबरच रूढ झाली. शोधग्राम येथील 'सर्च' या संस्थेने केलेल्या पक्षाघातविषयक संशोधनाने तिला तडा दिला. हे संशोधन कोणत्या पद्धतीने झाले, त्याचे बळ कशात आहे आणि त्यावरून उपचाराची दिशा कशी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निदानाची अडचण

पक्षाघात म्हणजे मेंदूला होणारा रक्तपुरवठा अकस्मात बिघडणे. एक तर रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दिसणारी लक्षणे दोहोंत सारखीच असतात : तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे. सामान्य लोक याला 'लकवा' म्हणतात. दोन प्रकारांतील फरक सीटी स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि उपचार तर त्या फरकावरच अवलंबून असतो. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; रक्तस्राव असताना तेच औषध दिल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटलेला आहे. अशा प्रदेशात साडेचार तासांची ही मर्यादा पाळणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगावयास नको.

जेथे जिवंत रुग्णाचे निदान एवढे अवघड, तेथे मृत्यूचे कारण कसे ठरवावयाचे? ग्रामीण भागातील बहुसंख्य मृत्यू घरीच होतात. मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र क्वचितच उपलब्ध असते. नोंदवहीत 'म्हातारपण' किंवा 'ताप' एवढाच उल्लेख आढळला तर नवल नाही. यावर उपाय म्हणून 'मौखिक शवचिकित्सा' ही पद्धती विकसित झाली. यात प्रशिक्षित कार्यकर्ता मृताच्या घरी जाऊन नातेवाइकांना ठरावीक प्रश्न विचारतो. आजार किती दिवस होता, सुरुवात एकदम झाली की हळूहळू, कोणता हात उचलता येत नव्हता, शुद्ध होती काय, असे ते प्रश्न असतात. ही उत्तरे वाचून डॉक्टर मृत्यूचे संभाव्य कारण निश्चित करतात. भारताच्या महानिबंधक कार्यालयानेही २००१ पासून आपल्या नमुना नोंदणीत या पद्धतीचा अवलंब केला.

शहाऐंशी गावांतील नोंदी

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च'ची स्थापना केली. गावातीलच निवडक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून जन्ममृत्यूंची व आजारांची नोंद ठेवण्याची संस्थेची परंपरा जुनी आहे. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच पायावर उभा होता. पक्षाघाताच्या अभ्यासालाही हाच पाया उपयोगी पडला. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील, ९४,१५४ लोकसंख्येतील मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. प्रत्येक मृत्यूचे कारण दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे ठरविले आणि मतभेद झाल्यास तिसऱ्या डॉक्टरांनी निर्णय दिला. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. अन्य कोणत्याही एका कारणाने एवढे बळी घेतले नव्हते. वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १२१.६ इतके होते. मृतांचे सरासरी वय ६७ वर्षांच्या आसपास असून त्यांत स्त्रिया जवळजवळ निम्म्या होत्या. ८७.३ टक्के मृत्यू घरीच झाले, आणि ४६.३ टक्के मृत्यू लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात झाले.

शेवटचा आकडा उलट बाजूने वाचला पाहिजे. निम्म्याहून अधिक रुग्ण पहिला महिना पार करून नंतर दगावले. म्हणजे त्यांना सर्वात मोठी गरज होती ती घरातल्या शुश्रूषेची. दर दोन तासांनी कूस बदलणे, बसवून घास भरविणे, अन्न श्वासनलिकेत जाऊ न देणे, पाठीला जखमा होऊ न देणे या गोष्टींसाठी यंत्र लागत नाही. त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात. हे काम बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येते, आणि तिची त्या दिवसांची मजुरी बुडते.

मौखिक शवचिकित्सेच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. लुळा पडलेला हात निरक्षर नातेवाईकही अचूक सांगतो. परंतु छातीत कळ येऊन झालेला आकस्मिक मृत्यू हृदयविकाराचा होता की अन्य कशाचा, हे तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. मधुमेह तर रक्त तपासल्याशिवाय कळतच नाही, आणि 'पोटात दुखत होते' एवढ्यावरून यकृत, जठर की स्वादुपिंड याचा उलगडा होत नाही. त्यामुळे पक्षाघात अव्वल ठरण्यास तो सहज ओळखू येतो, हेही अंशतः कारण असू शकते. तथापि निष्कर्षाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्र प्रदेशातील पूर्व व पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतील ४५ गावांचा जो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही सुमारे एक तृतीयांश मृत्यू रक्ताभिसरणाच्या विकारांनी झाल्याचे आढळले होते.

रक्तदाबाचा उपचार

पक्षाघाताचे सर्वात मोठे टाळता येण्याजोगे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून रुग्ण दवाखान्यात येत नाही. 'सर्च'ने पुढे जो प्रयोग हाती घेतला त्यात याच अडचणीवर बोट ठेवलेले दिसते : गावातील आरोग्य कार्यकर्त्याने ५० वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब मोजावयाचा, मधुमेह व पक्षाघाताची चौकशी करावयाची आणि फिरत्या दवाखान्यातील डॉक्टरांनी औषध द्यावयाचे. शासकीय पातळीवर २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही हाच विचार आहे; महाराष्ट्रात त्याचा आरंभ ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत विदर्भातील भंडारा व वर्धा हे होते.

मोजणी साधी वाटते, परंतु तिचे नियम कडक आहेत. रुग्ण पाच मिनिटे स्वस्थ बसलेला असावा, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, अर्ध्या तासात तंबाखू खाल्लेली नसावी. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा ज्या प्रदेशात दिवसभर तोंडात असतो, तेथे हा शेवटचा नियम पाळून घेणे हेच एक काम होऊन बसते. तंबाखूमुळे रक्तदाब तात्पुरता वाढतो. शिवाय धूरविरहित तंबाखूने प्राणघातक पक्षाघाताचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखूविरोधी कार्यक्रम राबविण्यात आला तो म्हणूनच हृदयरोगप्रतिबंधाचाही भाग ठरतो. दारूबंदी गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

औषधे स्वस्त आहेत. अ‍ॅम्लोडिपिनची दिवसाला एक गोळी अनेकांना पुरते. खरा प्रश्न ती वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा आहे. बरे वाटते म्हणून गोळी सोडणारे शहरातही कमी नाहीत. परंतु वनप्रदेशात मोहफुलाचा, तेंदूपानांचा आणि धानाच्या रोवणीचा असे हंगाम येतात, त्या काळात घरे पहाटेच रिकामी होतात आणि फिरत्या दवाखान्याची गाडी आली तरी भेटावयास कोणी नसते. दवाखान्याचा वार पंचांगाप्रमाणे नव्हे तर हंगामाप्रमाणे ठरविणे, आणि हंगामापूर्वी तीस दिवसांऐवजी साठ दिवसांच्या गोळ्या हाती देणे, एवढा बदल कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राला करता येण्यासारखा आहे.