पेनड्राइव्ह निघून जातो, नोंद मागे राहते

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एकच संगणक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला, जातीचे दाखले स्कॅन करायला सगळी मुले तोच वापरतात. मध्यंतरी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांचे एक फोल्डर बाहेर गेल्याचे कळले आणि लगेच एका मुलाकडे बोट दाखवले गेले. कारण एवढेच, की त्याच्या खिशात नेहमी पेनड्राइव्ह असतो. आम्ही म्हटले, आरोप करण्याआधी संगणक काय सांगतो ते पाहू.

नोंद कुठे सापडते?

विंडोज असलेल्या संगणकाला पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावला की त्याची ओळख रजिस्ट्री या अंतर्गत नोंदवहीत लिहिली जाते. तिच्यातील यूएसबीस्टोर या भागात कंपनी, मॉडेल आणि बहुधा सिरियल नंबर असतो. पेनड्राइव्ह काढून घेतला तरी ही नोंद पुसली जात नाही.

सोपा मार्ग डिव्हाइस मॅनेजरचा. तो उघडून व्ह्यू मेनूतील 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. डिस्क ड्राइव्हज या नावाखाली पूर्वी लावलेली उपकरणे फिकट दिसतात. उपकरण पहिल्यांदा कधी लावले हे विंडोज फोल्डरमधील आयएनएफ या फोल्डरात असलेल्या 'सेटअपएपीआय' नावाच्या लॉग फाइलमध्ये मिळते. विंडोज 8 पासून शेवटचे कधी लावले आणि कधी काढले, याचीही वेळ रजिस्ट्रीत राहते. मोबाइल मात्र सहसा यूएसबीस्टोरमध्ये सापडत नाही; त्याची नोंद वेगळ्या भागात होते.

नोंद काय सांगत नाही?

खरी काळजी इथे घ्यायला हवी. उपकरण लावले होते, एवढेच ही नोंद सांगते. त्यावर कोणती फाइल कॉपी झाली, हे ती सांगत नाही. ते कोणाच्या हाताने लावले, हेही नाही. सगळे एकाच लॉगिनने काम करत असतील तर मुळीच नाही. काही स्वस्त पेनड्राइव्हना स्वतःचा सिरियल नंबरच नसतो, मग विंडोज आपल्या मनाने एक क्रमांक देते. संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर तारखाही चुकतात. विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर किंवा सफाईचे सॉफ्टवेअर चालवल्यावर जुन्या नोंदी जाऊ शकतात. म्हणून नोंद नाही, याचा अर्थ उपकरण लावलेच नव्हते असा होत नाही.

संगणकातील पुराव्याचा प्रश्न किती गंभीर असतो, हे आपण भीमा-कोरेगाव प्रकरणात पाहिले आहे. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर या घुसखोर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने फाइली पेरण्यात आल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने 2021 च्या अहवालात मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण फाइल सापडली म्हणजे ती मालकानेच ठेवली असे गृहीत धरता येत नाही, हा मुद्दा त्यातून सर्वांसमोर आला.

आपण काय करावे?

संशय आला की तो संगणक वापरणे थांबवा. फॉरमॅट करू नका, सफाई करू नका. प्रकरण पोलिसांत जाणार असेल तर स्वतः शोधाशोध न करता तज्ज्ञाकडून डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्य नोंदवावे लागते. आणि आजच प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्या.

आमच्या अभ्यासिकेत त्या मुलाच्या पेनड्राइव्हची नोंद सापडली. पण त्याची शेवटची तारीख ते फोल्डर तयार होण्याच्या दोन महिने आधीची होती. फोल्डर कोणी नेले हे आजही कळलेले नाही. पण तो मुलगा रोज अभ्यासाला येतो. त्या दिवशी न तपासता त्याला बाहेर काढले असते, तर कदाचित त्याचे शिक्षणच सुटले असते.