वजन उतरवायचे, पण किती?

"वजन कमी करा." साखरेचा किंवा रक्तदाबाचा कागद हाती देताना डॉक्टर एवढेच सांगतात. बाहेर नंबर लावून बसलेली माणसे असतात, त्यामुळे अधिक बोलायला त्यांनाही सवड नसते. माणूस घरी येतो आणि आपल्या मनानेच एक आकडा धरतो. कोणी लग्नाच्या फोटोतले वजन धरतो, कोणी भिंतीवरच्या तक्त्यातले, तर कोणी शेजारणीचे. तो आकडा गाठण्यासाठी मग रात्रीचे जेवण बंद होते, भाकरी बंद होते, महिना-दोन महिने जिवाचा आटापिटा होतो. चार किलो उतरतात. पण मनात वीस किलो असतात. "आपल्याच्याने हे व्हायचे नाही," असे म्हणून सगळेच सोडून दिले जाते आणि गेलेले चार किलो वर दोन घेऊन परत येतात.

बंधू-भगिनींनो, हे घराघरांत घडते. त्यात माणसाच्या जिद्दीला बोल लावला जातो. आमच्या मते बोल लावायचा तो आधी त्या आकड्याला. किती वजन उतरवायचे, हे ठरविणे हेच या कामातले पहिले काम आहे आणि तेच आपण घाईत उरकतो.

तक्ता कोणाच्या मापाचा?

उंचीपुढे 'योग्य वजन' लिहिलेले तक्ते आपण दवाखान्यांतून पाहिले आहेत. या तक्त्यांची चाल पाडली ती अमेरिकेतील एका मोठ्या आयुर्विमा कंपनीने. मेट्रोपॉलिटन लाइफ हे तिचे नाव. तिने १९४०च्या दशकात, पुढे १९५९ मध्ये आणि १९८३ मध्ये असे तक्ते छापले. कोणत्या वजनाची माणसे जास्त जगतात, याचा हिशेब तिने विमा उतरविलेल्या लोकांवरून मांडला होता. विमा परवडणारी ती अमेरिकन माणसे. त्यांत आपल्या चाळीतले, वस्तीतले कोणी नव्हते.

आज डॉक्टर 'बीएमआय' पाहतात. किलोतले वजन घ्यावे, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. येतो तो बीएमआय. हे गणित बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने १८३२च्या सुमारास मांडले आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ मध्ये मिळाले.

तक्ता परक्यांचा होता म्हणून आपल्याला सूट मिळाली, असे मात्र कोणी समजू नये. आपले माप उलट अधिक कडक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी लपलेली असते, ती अशी.

म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळी रेषा आखली. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा. पुरुषाचे पोट ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या आत असावे. स्त्रीचे ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत.

ही रेषा धोका दाखविते. ती पाहून सावध व्हावे. पण धोक्याची रेषा आणि आपण पुढच्या सहा महिन्यांत गाठायचे ठिकाण, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एक समजल्या की घोटाळा सुरू होतो.

थोड्या किलोंचे मोल

अमेरिकेत १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन उतरवू इच्छिणाऱ्या ६० लठ्ठ स्त्रियांना आधी विचारले, "किती उतरवायचे?" त्यांनी सरासरीने आपल्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सांगितला. १७ किलो उतरले तर आम्ही निराश होऊ, असेही त्या म्हणाल्या. ४८ आठवडे उपचार झाले. सरासरी १६ किलो उतरले. एवढे मोठे यश! पण जवळजवळ निम्म्या बायका त्यांनीच ठरविलेल्या 'निराशेच्या' आकड्यापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. सोळा किलो उतरवूनही माणूस दुःखी राहू शकतो, केवळ मनातला आकडा मोठा म्हणून.

आता दुसरी बाजू पाहा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांचा अमेरिकेतील एक मोठा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. त्यात एका गटापुढे फक्त दोन गोष्टी ठेवल्या होत्या. वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा. साधारण तीन वर्षांत त्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलो.

आपल्या देशात चेन्नईच्या डॉक्टरांनी ५३१ लोकांवर असाच अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. जेवणात बदल आणि रोजचे चालणे एवढ्यावर मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, तेही वजनात फारशी घट न होता. म्हणजे काट्याचा काटा हलला नाही, तरी चालणाऱ्या माणसाचे चालणे फुकट जात नाही.

आपला आकडा असा ठरवा

एक उदाहरण घेऊ. पाच फूट उंचीच्या, म्हणजे १५२ सेंटिमीटरच्या एक बाई आहेत. चार घरी स्वयंपाकाचे काम करतात. वजन ७२ किलो. बीएमआय येतो ३१. रेषेच्या आत यायचे तर वजन ५३ किलो हवे, म्हणजे १९ किलो उतरवावे लागतील. हा आकडा ऐकूनच कोणाचेही पाय गळतील.

त्यांनी तो आकडा बाजूला ठेवावा. ७२ किलोंचे पाच टक्के म्हणजे ३.६ किलो आणि सात टक्के म्हणजे पाच किलो. तेव्हा पहिला मुक्काम ६८ किलोंचा. मुदत सहा महिन्यांची. महिन्याला पाऊण किलोही उतरवावे लागत नाही. ६८ वर आले की दोन-तीन महिने तेच वजन टिकवून धरावे. उतरविण्यापेक्षा टिकविणे अवघड असते, कारण वजन घटले की भूक वाढते आणि शरीर काटकसरीने चालू लागते. ते टिकले तरच पुढचा मुक्काम ६५ किलोंचा ठरवावा.

साडेपाच फूट उंचीचा, ८० किलो वजनाचा रात्रपाळीचा वॉचमन असेल, तर त्याचा पहिला मुक्काम ७५ किलोंचा. सगळ्यांना एकच हिशेब: आजच्या वजनाचे पाच ते सात टक्के, सहा महिन्यांत.

आकडा ठरविताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. वयाची पंचविशी उलटल्यावर आपण कमीत कमी किती वजनावर वर्षभर टिकून होतो? त्याच्या खाली जाण्याचा हट्ट पहिल्या वर्षी तरी धरू नये.

२. ज्या जेवणावर हे वजन टिकणार आहे, ते जेवण आपल्याला पाच वर्षे जेवता येईल काय? "नाही" असे उत्तर आले, तर तो आकडा आपला नव्हे.

३. ते जेवण आपल्या पगारात बसते काय? दुकानातली डब्यातली पावडर दोन महिने परवडेल, पुढे काय?

४. एवढ्या खाण्यावर आपले काम होईल काय? परातीवर चढणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, जिने झाडणाऱ्या माणसाने उपाशीपोटी चक्कर येऊन पडावे, असे कोणतेही वजन मोलाचे नाही.

लग्नाच्या फोटोविषयीही एक शब्द. त्या फोटोत आपण सडपातळ दिसतो, खरे. पण त्या वेळी घरात दोन वेळा पोटभर होते काय, हेही आठवावे. आपल्या कितीतरी माता-भगिनी सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले जेवल्या. त्या वयातला तो बारीकपणा सगळाच आरोग्याचा नव्हता. त्या आकड्याकडे परत जाणे हे ध्येय कशाला ठेवावे?

काटा, टेप आणि वही

वजन आठवड्यातून एकदाच करावे. तोच काटा, तोच वार, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत. पाण्याने आणि मिठाने वजन एक-दोन किलो वरखाली होतच असते. रोज काट्यावर उभे राहणारा माणूस रोज एकदा निराश होतो. घरी काटा नसेल, तर औषधाच्या दुकानातील किंवा दवाखान्यातील काटा चालेल. मात्र दर वेळी तोच धरावा.

पोट मोजायला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सोडल्यावर माप घ्यावे, पोट आत ओढू नये. महिन्यातून एकदा पुरे. पुष्कळदा काटा अडून बसतो, पण टेप खाली येते. पट्ट्याचे भोक एक आत येते, परकराची नाडी सैल होते. तीही प्रगतीच.

वहीत आणखी तीन रकाने ठेवावेत: रक्तदाब, साखर, आणि किती जिने न थांबता चढलो. पहिले मुक्काम गाठल्यावर बाईंचे वजन ६५ किलो झाले, साखर आणि रक्तदाब ताब्यात आले, गुडघे बोलायचे थांबले, तर डॉक्टरांना विचारून तिथेच थांबायला काय हरकत आहे? तक्ता भले अजून '५३' म्हणत असेल.

वजन उतरवायचे साधन घरातच आहे. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. जवळजवळ दोनशे कॅलरी तेथेच गेल्या. साखर निम्मी करावी. महिन्याचे तेल किती लिटर लागते ते लिहून ठेवावे आणि पुढच्या महिन्यात थोडे कमी आणावे. डाळ, अंडी, मासळी, भाज्या यांना मात्र हात लावू नये. भात-भाकरी बंद करू नये, एक घास मागे सरकावे.

घरच्या मंडळींनाही आमचे सांगणे आहे. बाईच्या जाडीवर ताटासमोर विनोद करू नयेत. तिच्यासाठी वेगळे भांडे चढविण्यापेक्षा सगळ्यांच्याच भाजीत तेल कमी पडू द्यावे. रात्री जेवल्यावर अर्धा तास नवरा-बायकोने मिळून चालून यावे.

यांनी हा हिशेब लावू नये

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीची मुले आणि अशक्त वृद्ध यांनी आपल्या मनाने वजन उतरवू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे; नाहीतर साखर एकाएकी खाली जाते. आणि काहीही न करता वजन घटू लागले, तर आनंद मानू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, सारखी तहान यांपैकी काही बरोबर असेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा. क्षयाची थुंकीची तपासणी तेथे मोफत होते.

राजाची वाटी

मापाने आणि सवकाश उतरण्याची एक गोष्ट संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन, धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. जेवताना भान ठेवावे, माप ओळखावे, एवढाच उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी आपल्यापुढे म्हणावयास सांगितले. राजाचा भात हळूहळू कमी होत एका नाळीवर, म्हणजे लहानशा मापावर, आला आणि तेथेच राहिला. अंग हलके झाले.

राजापाशी तक्ता नव्हता, काटाही नव्हता. रोज आठवण देणारा एक माणूस होता आणि घाई नव्हती. आपल्या घरात असा एक माणूस नक्की असतो. येत्या रविवारी त्याला सोबत घेऊन वजन करावे, त्यातून पाच टक्के वजा करावेत आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. खाली सहा महिन्यांनंतरची तारीख घालावी. दुसरा आकडा तूर्त लिहू नये.