संगणक आले, शिक्षक घडवायचा राहिला

उमरग्यापासून परंड्यापर्यंत धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत जिल्हा परिषद प्रशाला आहेत, अनुदानित माध्यमिक शाळा आहेत. तिथं नववी-दहावीला संगणक कोण शिकवतं? शाळेची मंजूर पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत त्यासाठी वेगळं पद नाही. त्यामुळे हे काम बहुधा गणित-विज्ञानाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे येतं. प्रशिक्षणाचा विचार त्यांच्यापासूनच सुरू करायला हवा.

आतापर्यंतच्या प्रयत्नांची पहिली लाट एमएस-सीआयटीची. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा (एमकेसीएल) हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या शिक्षकांनी केला. संगणक वापरायला ते शिकले. तो विषय वर्गात शिकवायचा कसा, हे त्या अभ्यासक्रमाचं उद्दिष्टच नव्हतं.

दुसरी लाट शाळांसाठीच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेची. केंद्रानं 2004 मध्ये सुरू केलेल्या या योजनेतून राज्यात 500, 2500 आणि 5000 अशा तीन टप्प्यांत शाळांना संगणक कक्ष मिळाले. कंपनीनं यंत्रं बसवायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची, असा करार होता. शिकवायला निदेशक आले तेही कंत्राटी. मुदत संपली तेव्हा यंत्रं शाळेत राहिली, निदेशक गेले. मुलं कुठं अडतात, कोणतं उदाहरण त्यांना पटकन समजतं, ही त्यांची कमाईही त्यांच्याबरोबर गेली.

तिसरी लाट 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ची. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला, लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मात्र हा सारा जोर मुख्यतः प्राथमिक शाळांवर आणि इतर विषय संगणकाच्या मदतीनं शिकवण्यावर होता. माध्यमिक शिक्षकांसाठी 2021 मध्ये ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर ‘निष्ठा 2.0’ हे प्रशिक्षण आलं. पण पडद्यावरचं प्रशिक्षण पूर्ण करणं वेगळं आणि चाळीस मुलांपुढे चुकलेला प्रोग्रॅम दुरुस्त करून दाखवणं वेगळं.

साधनांची मात्र वानवा नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे मराठीत आहेत, ते उतरवून घेतले की इंटरनेटविना चालतात. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘सीएसपाठशाळा’ उपक्रम संगणकाशिवायही संगणकीय विचार शिकवायच्या पद्धती देतो. पत्ते क्रमानं लावताना मूल अल्गोरिदमच शिकत असतं. वीज गेली तरी असा तास बुडत नाही.

जिल्ह्यात मार्गदर्शन करू शकणाऱ्या संस्थाही आहेत. धाराशिवला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. याच टाटा संस्थेनं ‘क्लिक्स’ उपक्रमात छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातल्या माध्यमिक शाळांत काम केलं. शिक्षकांनी एकमेकांना विचारत, दाखवत शिकावं, यावर तिथं भर होता. 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवला हा अनुभव घरच्याच संस्थेकडून मागता येईल.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानं प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. ते तास एकदम उरकू नयेत. तालुक्यातल्या संगणक शिकवणाऱ्यांनी दर महिन्याला एका शाळेत जमावं, एकानं प्रत्यक्ष तास घ्यावा, बाकीच्यांनी तो पाहून चर्चा करावी. या दिवसाला कर्तव्यकाळ आणि प्रवासभत्ता मिळावा. बदलीवर येणाऱ्या शिक्षकालाही मग तालुक्यात विचारायला जाणती माणसं मिळतील. यंत्रांवरचा खर्च सत्कारणी लावायचा असेल, तर पुढच्या खरेदीआधी ही तरतूद करावी.