चेंग हो यांचे जहाज आणि कालिकतचा सौदा

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे इब्ने बतूता यांचे नाव लहानपणीच कानावर पडले. पण त्यांच्यानंतर साठ-एक वर्षांनी चीनचा एक मुसलमान दर्यासारंग कालिकतच्या बंदरात उतरला होता, हे आम्हांला धंद्यात केस पांढरे झाल्यावर कळले. वास्को द गामाचे नाव कोणतेही शाळकरी पोर सांगेल. चेंग हो, ज्यांना आता झेंग हे असेही लिहितात, त्यांचे नाव मात्र आपल्यातल्या शिकलेल्या माणसालाही ठाऊक नसते. म्हणून हा लेख.

चेंग हो यांचा जन्म 1371 च्या सुमारास चीनच्या युनान प्रांतात, कुनयांग येथे झाला. मूळ नाव मा हो. वडिलांना लोक हाजी म्हणत, आजोबाही हाजी. मूल दहा-अकरा वर्षांचे असताना मिंग बादशहाच्या फौजेने युनान जिंकला. त्या धामधुमीत वडील गेले आणि हा मुलगा कैद झाला. त्याला खच्ची करून ख्वाजासरा बनवण्यात आले आणि शहजादा चू ती याच्या चाकरीत देण्यात आले. अशा कोवळ्या वयात ज्याचे घरदार आणि पुढचा वंश दोन्ही गेले, त्याने पुढे काय करावे? मा हो यांनी इमानाने चाकरी केली, लढायांत नाव मिळवले. 1402 साली चू ती तख्तावर बसला आणि युंग लो बादशहा झाला. 1404 साली त्याने मा हो यांना ‘चेंग’ हे घराण्याचे नाव बहाल केले, आणि लवकरच सागरी मोहिमेचे सरदार नेमले.

1405 ते 1433 या काळात सात सफरी झाल्या. पहिल्याच सफरीत 27 हजारांहून अधिक माणसे होती. खलाशी, शिपाई, सुतार, हकीम, मुनीम, दुभाषे, सगळे. वास्को द गामा 1498 साली कालिकतला आला तेव्हा त्याच्याबरोबर पावणेदोनशेच्या आसपास माणसे निघाली होती, यावरून अंदाज करावा. चेंग हो यांच्या जहाजांच्या लांबीवरून विद्वानांत वाद आहे, पण नानकिंगच्या जुन्या गोदीत 1957 साली सापडलेला सुकाणूचा दांडा 11 मीटर लांब आहे.

पहिल्या तीन सफरी कालिकतपर्यंत झाल्या. पुढे होर्मुझ, एडन, मोगादिशू आणि आफ्रिकेचा किनारा गाठला. वाऱ्याचा हिशोब मोठा. मलाक्का येथे लाकडी कोट बांधून आत गोदामे केली होती. माल तेथे जमवायचा आणि परतीचा वारा सुटेपर्यंत थांबायचे. नेहमी सलोखाच होता असेही नाही. पालेमबंगचा चाचा सरदार त्यांनी पकडून नेला, सिलोनच्या राजाशी लढाई झाली. पण त्याच सिलोनमध्ये गॉल येथे सापडलेला 1409 सालचा शिलालेख चिनी, तामिळ आणि फारसी अशा तीन भाषांत आहे. चिनी मजकुरात बुद्धाला, तामिळमध्ये विष्णूला आणि फारसीत इस्लामच्या नावाने नजराणे वाहिले आहेत. परमुलखात व्यापार करायचा तर तिथल्या माणसाची श्रद्धा जपावी लागते, हे चेंग हो जाणत होते.

आता आम्हा कापडवाल्यांसाठी खास गोष्ट. चेंग हो यांच्याबरोबर मा हुआन नावाचा मुसलमान दुभाषा होता. त्याने पाहिलेले सारे लिहून ठेवले. कालिकतला चिनी रेशीम आणि किनखाब आले की स्थानिक चेट्टी, मुनीम आणि दलाल जमत. एकेका वाणाचा भाव ठरे, तो कागदावर उतरे. मग सर्वजण हातात हात देत. भाव पुढे चढो वा उतरो, हाती हात दिला म्हणजे सौदा पक्का. नंतर मोती, पोवळे आणि जवाहीर येई. त्याची घासाघीस महिना, कधी तीन महिने चाले. पण त्याच्या बदल्यात द्यायच्या रेशमाचा भाव ठरला तोच राही. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, तो पाहणाऱ्याला हे नवे वाटणार नाही.

मग एवढा पसारा संपला कसा? कारण तो दुकानदारीवर नव्हे, बादशहाच्या खजिन्यावर चालत होता. परदेशी वकिलांना आलेल्या नजराण्यांहून मोठ्या भेटी दिल्या जात. आणलेली मिरी इतकी साठली की सरकारी नोकरांना पगाराचा काही भाग मिरीत मिळू लागला. आणि चीनच्या खासगी व्यापाऱ्याला समुद्रापार व्यापार करण्याची बंदी होती. 1424 साली युंग लो वारला, नव्या बादशहाने सफरी थांबवल्या. 1431 साली आणखी एकच सफर निघाली. त्यातल्या सात जणांना मक्केलाही पाठवले गेले. चेंग हो यांचे निधन त्याच सफरीत 1433 साली झाले असे बहुतेक मानतात. काही जण 1435 म्हणतात. नानकिंगजवळ त्यांची कबर दाखवतात. दरबाराचे लक्ष उत्तरेच्या सरहद्दीकडे वळले, खर्चाला विरोध वाढला, जहाजे गोदीत कुजली. बंदी असल्याने काम पुढे न्यायला व्यापारीही नव्हते. ती बंदी 1567 साली सैल झाली.

हे वाचताना आम्हांला आमचीच एक चूक आठवली. एका बड्या खरेदीदाराच्या भरवशावर आम्ही तीन वर्षे एकच वाण विणून घेतले. भाव चांगला, पेमेंट वेळेवर, त्यामुळे दुसरे गिऱ्हाईक शोधलेच नाही. एके दिवशी त्याने खरेदी थांबवली. थाने गोदामात पडून राहिली आणि विणकरांची मजुरी आम्ही घरातले दागिने मोडून चुकवली. मजुरी चुकवली याचे समाधान आहे, कारण ती आम्ही जबान दिली होती. पण दागिने मोडण्याची वेळ आमच्याच आळसाने आणली.

चीनचा काफिला एका खजिन्याच्या आधारावर होता, तो खजिना आटताच बुडाला. कालिकतचा बाजार मात्र त्यानंतरही अरबांशी, गुजरात्यांशी व्यवहार करीत राहिला, कारण तेथे गिऱ्हाईक अनेक आणि शब्द एक होता. भाईंनो, आज रात्री वही उघडा आणि बघा, आपला अर्ध्याहून जास्त माल एकाच पार्टीकडे तर जात नाही ना? जात असेल तर उद्याच दुसरा दरवाजा ठोठवा.