बंद घरांचे शहर – लेखांक 6 : अनुदानाचे घड्याळ

भाईंदर पूर्वेच्या जुन्या वस्त्यांत ग्रामपंचायतीच्या काळातल्या तीन-चार मजली इमारती अजून उभ्या आहेत. अशा इमारतीत एखाद्या दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटलेली असते. दाराला कुलूप, कुलपावर सील. आतल्या न्हाणीघराची गळती खालच्या घराच्या छतातून उतरते, पण प्लंबरला आत सोडायचे कोणी? मालक निघून गेलेला, मेंटेनन्स थकलेला. बँकेचा अधिकारी दूरच्या शाखेत बसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातात फक्त थकबाकीचे बिल उरते.

मागच्या लेखांकात आपण 2002 चा सरफेसी कायदा पाहिला. हप्ते 90 दिवस थकले की कर्ज बुडीत वर्गात जाते, मग 60 दिवसांची नोटीस, मग ताबा आणि शेवटी लिलाव. हा सगळा प्रवास बँकेच्या वसुलीसाठी आखलेला आहे. बंद पडलेल्या घराने शेजारच्या वीस घरांचे काय होते, हा विषय त्या कायद्यात येतच नाही. लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ असे छापून बँक मोकळी होते, आणि गळती, थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

अशी घरे सरकारी पैशाने पुन्हा वसवता येतील का? अमेरिकेत हा प्रयोग झाला आहे. 2008 मध्ये गृहकर्जांचा डोलारा कोसळला आणि गल्लीच्या गल्ली ओस पडल्या. त्या वर्षी जुलैमध्ये झालेल्या कायद्यानुसार तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना आणि शहरांना 3.92 अब्ज डॉलर दिले. 2009 आणि 2010 मध्ये आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि एकूण रक्कम सात अब्जांच्या घरात गेली. शहरांनी जप्त घरे विकत घ्यायची, दुरुस्त करून विकायची किंवा भाड्याने द्यायची, अगदीच मोडकळीस आलेली पाडायची, मोकळ्या जमिनींची पेढी करायची, अशी ती योजना.

मला तिच्या रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या वाटतात. पहिल्या फेरीत 18 महिन्यांत पैसा ठरावीक घरांशी करारबद्ध करणे आणि चार वर्षांत खर्च करणे बंधनकारक होते. किमान एक चतुर्थांश रक्कम त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक कमाई नसलेल्या कुटुंबांसाठी राखायची होती. घर मूल्यांकनापेक्षा कमी किमतीलाच घ्यायचे, म्हणजे अनुदान बँकेच्या तिजोरीत जास्तीचे जाऊन पडत नाही. तरीही अनेक शहरांची दमछाक झाली. खासगी गुंतवणूकदार रोख मोजून चांगली घरे आधीच उचलत. शहराचा कर्मचारी मूल्यांकन, पर्यावरण तपासणी आणि मालकीची कागदपत्रे गोळा करत असताना घर हातचे निघून जाई.

आपल्याकडे जप्त घरे विकत घेण्यासाठी असे अनुदान नाही. पण केंद्राच्या हप्त्यांवर वस्ती नव्याने उभी करायची म्हणजे काय, हे मिरा-भाईंदरने फार जवळून पाहिले आहे. काशिमिरा भागातील जनता नगर आणि काशी चर्च या दोन झोपडपट्ट्यांत चार हजारांहून अधिक कुटुंबांना पक्की घरे द्यायची योजना 2009 च्या सुमारास हाती घेतली गेली. डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातला ‘बीएसयूपी’ हा भाग, म्हणजे शहरी गरिबांसाठी मूलभूत सुविधा. महानगरांसाठी निम्मा खर्च केंद्राचा. उरलेल्या निम्म्यात राज्य, महापालिका आणि खुद्द लाभार्थी. लाभार्थ्याचा वाटा किमान 12 टक्के, मागास आणि दुर्बल घटकांसाठी 10.

केंद्राचा पैसा चार हप्त्यांत येई. पहिला 25 टक्क्यांचा. पुढचा हवा असेल, तर आधी मिळालेल्या रकमेपैकी 70 टक्के खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. सरकारी पैशाचा हिशेब हवाच, त्यामुळे ही अट वाजवी वाटते. पण इमारत बांधायला जमीन मोकळी हवी. जमिनीवर माणसे राहतात. ती हलवायची, तर पात्रता यादी अंतिम हवी, आणि तात्पुरता निवारा हवा. यांतले काहीही रखडले की बांधकाम थांबते, बांधकाम थांबले की खर्च होत नाही, खर्च नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून हप्ता नाही. दरम्यान सिमेंट-सळईचे भाव वाढतात. मंजूर किंमत मात्र जुनीच राहते आणि वाढीचा बोजा महापालिकेवर येतो. 2011 च्या जनगणनेत 8 लाख 9 हजार लोकसंख्या असलेल्या शहराला तो कसा पेलणार?

ज्यांनी विश्वासाने झोपडी रिकामी करून दिली, त्यांची वाट अनेक ठिकाणी दहा वर्षांच्याही पुढे गेली. काहींचा निवारा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) भाडेतत्त्वावरील घरयोजनेतून आला. ती मूळ योजना 2008 ची, घरे 160 चौरस फुटांची. भाड्याने देण्यासाठी बांधलेली ती घरे प्रत्यक्षात संक्रमण शिबिरे झाली, आणि शहरातल्या धोकादायक इमारतींतून बाहेर काढलेल्यांनाही त्यांचाच आधार घ्यावा लागला. संक्रमणात मूल पहिलीत गेले आणि दहावीही तिथूनच दिली, असे घडू शकते. कुटुंबाने यात एकही चूक केलेली नसते, हे मला राहून राहून टोचते.

अभियानाची मुदत 2012 पर्यंत होती. ती वाढत वाढत या कामांसाठी मार्च 2017 पर्यंत गेली. तोवर देशभरात मंजूर घरांपैकी लाखो घरे रद्द झाली होती. दुसऱ्या बाजूला, बांधून झालेली कित्येक घरे रिकामी पडून होती. वस्तीपासून लांब, पाणी नाही, बस नाही, तर कामावर जाणारा माणूस तिथे राहील कसा? 2020 मध्ये केंद्राने हीच रिकामी सरकारी घरे 25 वर्षांच्या कराराने दुरुस्त करून स्थलांतरित कामगारांना भाड्याने देण्याची योजना आणली. बंद घर पुन्हा वापरात आणण्याचा आपल्याकडचा हा सर्वात थेट प्रयत्न म्हणता येईल. रखडलेल्या खासगी प्रकल्पांसाठीचा 2019 चा ‘स्वामी’ निधी वेगळा आहे. तो अनुदान देत नाही, परतफेडीचा पैसा देतो. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प आपल्या शेजारीच, बोरिवलीत, मे 2021 मध्ये उभा राहिला.

हप्त्यांचा हा अनुभव पाहता, नव्या योजनेची घोषणा झाली की रकमेच्या आधी मी तीन कागद शोधतो : पात्रता यादी कोणत्या तारखेची आहे, निवाऱ्याच्या भाड्याची तरतूद किती महिन्यांची आहे, आणि भाववाढ कोण सोसणार. हे कागद माहिती अधिकारात मिळतात, उपयोगिता प्रमाणपत्रेही मिळतात. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. सोसायटीच्या किंवा वस्तीच्या नावाऐवजी एका नागरिकाच्या नावाने अर्ज करावा, कारण कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे.

(पुढील लेखांकात : तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, आणि ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक असा शिक्का बसल्यावरचे पहिले पंधरा दिवस.)