आजीला पाटावर बसवा

एक जून उजाडला की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छांची रांग लागते. एकाच भावकीतल्या चार-पाच जणांचा, कधी तर सख्ख्या भावांचाही वाढदिवस त्याच दिवशी निघतो. कारण उघड आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला घेऊन बाप शाळेत यायचा, गुरुजी विचारायचे, ‘जन्मतारीख काय?’ बाप म्हणायचा, ‘बसवा की तुम्हीच.’ सहा वर्षं पूर्ण झालेली दिसावीत असा हिशोब करून गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीत, आधार कार्डावर आली. ज्यांचा जन्म एक तारखेचा, ते आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतात. म्हणून सरकारी कचेऱ्यांत 31 मे हा निरोपसमारंभांचा दिवस ठरला.

ही झाली शाळेत गेलेल्यांची गोष्ट. ज्या मुली शाळेतच गेल्या नाहीत, त्यांच्या वाट्याला ही खोटी तारीखसुद्धा उशिरा आली. मतदार यादीत नाव घालताना किंवा आधार काढताना कुणीतरी अंदाजाने वर्ष टाकलं आणि तेच आजीचं वय झालं.

बारामतीच्या कन्हेरी गावाचं नाव राज्याला ठाऊक आहे ते तिथल्या मारुतीमुळे. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ पवार कुटुंब तिथे फोडतं. पण या मारुतीचं वाढदिवसाशीही नातं आहे. आपल्याकडे तिथीने वाढदिवस करताना सात चिरंजीवांचं स्मरण करतात: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. जोडीला मार्कंडेयाची पूजा असते आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं असतं. सातांतला एक चिरंजीव ज्या गावाच्या देवळात उभा आहे, तिथे वडीलधाऱ्यांचा वाढदिवस कसा व्हावा, यावर बोलायला हरकत नसावी.

बोलायची गरजही आहे. इथली पोरं शिकली, पुण्यात हिंजवडी-चाकणला लागली, काही परदेशी गेली. मुली लांब दिल्या. घरात उरले आजी-आजोबा आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. पूर्वी सगळं गोत गोळा व्हायचं ते गावच्या जत्रेला, दिवाळीला किंवा तुकोबांची पालखी आली की. ज्येष्ठ सरता सरता पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. त्या दिवशी रस्त्याकडेच्या घरांत पाहुण्यांची रीघ असते. आता त्यात आणखी एका निमित्ताची भर पडली आहे: आजोबांची पंचाहत्तरी, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, दोघांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. हे निमित्त चांगलं आहे, पण ते नीट साधलं पाहिजे.

खरा दिवस कसा शोधायचा

सुरुवात आजीपासूनच करा. ‘तुझा जन्म कधीचा?’ या प्रश्नाला ती ‘काय ठाऊक बाई’ म्हणेल. तिला मोठ्या घटनांवरून विचारा. गांधीहत्येनंतर गावोगाव जाळपोळ झाली, तेव्हा तू कडेवर होतीस की पळत होतीस? 1961 च्या जुलैत पानशेत फुटलं, तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मांडीवर कोण होतं? 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस, तेव्हा पोरं किती होती? चार उत्तरं जुळली की वर्ष एक-दोनच्या फरकात हाती लागतं. मग ऋतू विचारा. तिच्या आईने कधीतरी सांगितलेलं असतं: हुरड्याचे दिवस होते, पालखी नुकतीच गेली होती, पोळ्याच्या आदल्या दिवशीची तू.

पुढचा आधार कागदाचा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा. ती गाव नमुना नंबर 14 मध्ये असते. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ही जुनी दप्तरं तहसील कचेरीच्या अभिलेखात मिळतात. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच दप्तरं पुन्हा उघडली गेली, त्यामुळे ती कशी मागायची हे आता गावोगाव माहीत झालं आहे. एक मात्र ध्यानात ठेवा: आजीची नोंद सासरच्या नाही, माहेरच्या गावात सापडेल. आणि तिथे बहुधा तिचं नाव नसेल, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची. वडिलांचं नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच असेल. त्या एका ओळीसाठी तिच्या माहेरी एक फेरी मारा, तिला सोबत न्या. ती फेरी हाच अर्धा वाढदिवस.

कागदावरची तारीख बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका. पेन्शन, बँक, प्रवासाची सवलत सगळं तिच्यावर चालतं. एसटीत 65 ते 75 वर्षांपर्यंत अर्धं तिकीट आणि 75 पूर्ण झाली की फुकट प्रवास, ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट 2022 पासून चालू आहे, ती कागदावरच्या वयानेच मिळते. कागदाचा दिवस कागदाला राहू द्या, घरचा दिवस घरात पाळा.

टप्प्यांमागचं गणित

आपल्याकडचे टप्पे आकाशाच्या हिशोबाने ठरलेले आहेत. संवत्सरांची नावं साठ. प्रभवापासून क्षयापर्यंत ती फिरतात आणि साठ वर्षांनी माणसाच्या जन्माचं संवत्सर परत येतं. शके 1947, म्हणजे 2025 च्या पाडव्याला सुरू झालेलं संवत्सर विश्वावसु. शके 1887, म्हणजे 1965 च्या पाडव्यालाही विश्वावसुच होतं. गुरूची राशिचक्राची फेरी सुमारे बारा वर्षांची, शनीची तीस वर्षांची. साठ वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या होतात. साठीशांत करायची ती या टप्प्याला. जपानातही साठीला हाच मान आहे, कारण तिथल्या जुन्या पंचांगातही साठ वर्षांचं चक्र आहे. तिथे साठी झालेल्या माणसाला लाल टोपी आणि लाल बंडी घालतात, कारण त्याचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असं मानतात.

सत्तरीला भैमरथी शांत, पंचाहत्तरीला ऐंद्री, शंभरीला महामृत्युंजय अशी नावं पुरोहित सांगतात. सगळ्यांत गोड टप्पा सहस्रचंद्रदर्शनाचा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो. अशा हजार पौर्णिमा भरायला 80 वर्षं आणि साधारण 10 महिने लागतात. म्हणून हा सोहळा एक्क्याऐंशी पूर्ण व्हायची वाट न पाहता एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या अखेरीला धरतात.

आणखी एक गंमत कॅलेंडर हाताशी घेऊन बघता येते. दर 19 वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख बहुतेक पुन्हा जुळतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. 1986, 2005 आणि 2024 या तिन्ही वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं होतं. तेव्हा एकोणीस, अडतीस, सत्तावन्न आणि शहात्तर या वयांना माणसाचे दोन्ही वाढदिवस एकत्र येतात. आजीची तिथी ठाऊक आहे पण तारीख नाही, असं असेल तर तिला शहात्तर पूर्ण होतात त्या वर्षीचं कॅलेंडर काढा. त्या तिथीला जी तारीख असेल, तिच्याच आसपास तिचा जन्म.

आईबापांचा असा सोहळा मुलाने करायचा, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं उदाहरण 6 जानेवारी 1665 चं. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. शिवाजीराजांनी महाबळेश्वरी जिजाऊंची सुवर्णतुला केली आणि ते सोनं दान दिलं. आपले सुपे आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले, म्हणजे ही आई आपल्या मुलखाची. आज सोन्याची तुला कुणाला परवडणार? पण आजोबांच्या वजनाइतका गूळ किंवा वह्या-पुस्तकं तोलून ती गावच्या जिल्हा परिषद शाळेला देता येतात. नातवंडांनी वह्या रचायच्या, आजोबांनी पारड्यात बसायचं. फ्लेक्सच्या खर्चात हे सहज बसतं, आणि फ्लेक्स पंधरा दिवसांत फाटतो, वही वर्षभर चालते.

पंचाहत्तर दिवे

औक्षणाची तयारी आदल्या रात्री लागते. कणकेत चिमूटभर हळद आणि मीठ घालून ती घट्ट मळायची. लिंबाएवढी गोळी घेऊन अंगठ्याने खळगा करायचा, कडेला वातीसाठी चोच काढायची. चाळणीला तेलाचा हात फिरवून दिवे वाफवून घ्यायचे. गार झाले की त्यांत तुपात भिजवलेल्या फुलवाती. पंचाहत्तर दिवे एकटीने करायचे तर कंबर मोडते. सुना, लेकी, नाती, जावई, नातू सगळे घेरून बसले की तासाभरात होतात. खरा वाढदिवस त्या तासात होतो. कुणाचा दिवा चपटा, कुणाचा तिरका, आणि आजी मधे बसून सांगते, ‘अगं, चोच एवढी लांब काढू नकोस, मोडंल.’

पंचाहत्तर वाती एकदम पेटल्या की परातीजवळ धग लागते. म्हणून परात पाटासमोर जमिनीवरच असू द्यावी आणि हातात फक्त निरांजन घ्यावं. कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळायची, मग निरांजन. तोंडात काहीतरी गोड. पदर, ओढण्या आणि लहान पोरं परातीपासून लांब.

आता महत्त्वाचं. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याला, भावाला, दिराला, लेकरांना, जावयांना ओवाळलं, ती स्वतः पाटावर किती वेळा बसली? आणि आजोबा गेल्यावर तर तिला ओवाळायचंच नाही, कुंकू लावायचं नाही, अशी समजूत अजून अनेक घरांत आहे. आजोबांची पंचाहत्तरी झाली आणि आजीची राहिली, ती याच कारणाने. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव गावाने करायचा, पण तो पाळायचा आपल्या घरच्या पाटावर. आजीला कुंकू लावा. थोरल्या सुनेने लावलं तर फारच चांगलं. आजी नको नको म्हणेल, डोळ्यांना पदर लावेल. तरी लावा.

धोंडो कर्वे यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्याच कर्व्यांची शंभरी 18 एप्रिल 1958 ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. पंतप्रधान नेहरू त्या समारंभाला होते. त्या दिवशी त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. इतकं बघायला माणसाला शंभर वर्षं जगावं लागलं. आपल्या आजीला तेवढं थांबायला लावू नये.

भेट काय द्यावी

साडी, स्वेटर, मोबाइल हे सगळं ठीक. पण वडीलधाऱ्यांना सर्वांत आवडणारी भेट म्हणजे कुणीतरी शेजारी बसून त्यांचं सगळं ऐकून घेणं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठीतलं थोर आत्मचरित्र. त्याचा पहिला भाग 1934 ला आला. मुलगा देवदत्त याने आईला आठवणी लिहायला लावलं, आणि पुढे नातू अशोक टिळक यांनी त्याची सटीप संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. आजीचं पुस्तक नातवाने सांभाळलं, म्हणून आपल्याला वाचायला मिळालं. आपल्या आजीचं पुस्तक होणार नाही, पण फोनचं रेकॉर्डिंग तर होईल. तिच्या जात्यावरच्या ओव्या, माहेरच्या वाड्याचं वर्णन, पहिली बागायत कशी झाली, आजोबांनी कारखान्याचा शेअर कसा घेतला. हे सगळं फक्त तिच्याकडे आहे, आणि दुसरी प्रत नाही.

बाकी चार गोष्टी सोप्या आहेत. ऊसतोडीची आणि परीक्षांची गर्दी टाळून दिवस धरा, तिथीचा आग्रह नसेल तर जवळचा रविवार घ्या. कार्यक्रम सकाळी उरका. संध्याकाळी म्हातारी माणसं दमतात. डीजे नको, त्यांना बोलणं ऐकू येत नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, गुळवणी, कुरडई हवीच, पण साखर असलेल्यांचं पान वेगळं वाढा आणि गोळ्यांची वेळ चुकवू नका. केक आणायचा तर नातवंडांसाठी आणा. दिवा फुंकून विझवायला मात्र आजीला सांगू नका, तिला ते अशुभ वाटतं. परदेशातल्या लेकाला व्हिडिओवर घ्यायचं असेल तर औक्षणाच्या वेळीच घ्या, जेवणं झाल्यावर नाही. आणि सगळ्यांत शेवटी तिला बोलू द्या. माइक नको, खुर्ची पुढे ओढा.

या दिवाळीत घरची सगळी माणसं एकत्र येतील. पाडव्याच्या दुपारी, जेवणं आटोपल्यावर, आजी-आजोबांना त्यांच्या जन्माचं वर्ष विचारा, सापडेल तेवढं वहीत लिहा, आणि पुढच्या वर्षीचा त्यांचा दिवस तेव्हाच सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका. रजेचा अर्ज त्यानंतर करता येतो. वडीलधाऱ्यांचं वय मात्र आपल्यासाठी थांबत नाही.