दोन रकान्यांमधली मुलगी

१२ जुलै २०१३ हा मलाला युसुफझाईचा सोळावा वाढदिवस. त्या दिवशी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत तिनं केलेलं भाषण जगभर गाजलं. त्याच निमित्तानं जागतिक शिक्षणासाठीचे विशेष दूत गॉर्डन ब्राऊन यांच्यातर्फे काही मुलींना धैर्य पुरस्कार दिले गेले, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. त्या मुलींमध्ये मीरतकडची रझिया सुलतान होती, तशीच बंगळुरूची अश्विनी अंगडीही होती. अश्विनी जन्मांध, बळ्ळारी जिल्ह्यातल्या खेड्यात गरीब घरात वाढलेली. बंगळुरूला शिकून ती विद्यापीठात अव्वल आली. आयटी कंपनीतली नोकरी सोडून लिओनार्ड चेशायर संस्थेच्या ‘यंग व्हॉइसेस’ मोहिमेतून ती अपंग विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी काम करू लागली आणि पुढे स्वतःचा न्यास काढून अंध मुलांच्या शिक्षणात उतरली. अशा कहाणीवर ‘जिद्द’ असा शिक्का मारला की आपण मोकळे होतो. जिद्द होतीच. पण तिच्या नेतृत्वाचं मोल मला दुसरीकडे दिसतं. मुलींचं शिक्षण ही एक चळवळ आणि अपंगांचं शिक्षण ही दुसरी. या दोन्हींच्या मधून जी मुलगी निसटते, तिचं म्हणणं तिच्याच तोंडून पुढे आलं.

ती निसटते कशी, हे पाहायला मुलींसाठीची सगळ्यांत लोकप्रिय योजना घ्यावी. सायकल. कर्नाटकात सरकारी शाळेत आठवीत गेलं की सायकल मिळू लागली आणि गावापासून लांबच्या हायस्कुलात मुली जाऊ लागल्या. योजना उत्तम, पण अंध मुलीला तिचा उपयोग शून्य. तिला हवी असते सोबत, नाहीतर वसतिगृह. वसतिगृह म्हटलं की मुलाला धाडणारे आईबाप मुलीच्या बाबतीत कचरतात. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी पुरुषांत सुमारे ६२ टक्के साक्षर होते, तर स्त्रियांत सुमारे ४५. अपंगत्व दोघांनाही असताना ही सतरा टक्क्यांची दरी डोळ्यांच्या किंवा पायांच्या दोषातून येत नाही. ती घरातून येते आणि योजनेच्या कागदातूनही येते, कारण तिथे ‘मुली’ एका रकान्यात असतात आणि ‘दिव्यांग’ दुसऱ्या.

अशा मुलींची संख्याच थोडी, आधी बहुसंख्य मुलींचं पाहू, असं कुणी म्हणेल. म्हणणारा दुष्ट नसतो. तुटपुंज्या पैशाचा हिशेब लावत असतो. पण कायद्यानं हा हिशेब आधीच निकालात काढला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं अपंग मुलं वंचित गटात आली, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हक्क म्हटल्यावर रांगेत आधी कोण, हा प्रश्न उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अंधांच्या वेगळ्या शाळा म्हणजे वेगळं जग, त्यापेक्षा गावातल्याच शाळेत सगळ्यांबरोबर शिकवा. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण ज्या शाळेत ब्रेल येणारा एकही शिक्षक नाही, तिथे वर्गात बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे. मिस ॲना मिलार्ड यांनी १९००मध्ये सुरू केलेली दादरची अंधशाळा आज कमला मेहता यांच्या नावानं केवळ मुलींसाठी चालते. शेजारची शाळा तयार होईपर्यंत अशा शाळांना हात लावू नये.

आणि मोबाइल? तो सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असं हल्ली सुशिक्षितही विचारतात. मोबाइल खरोखरच वरदान आहे, विशेषतः कॉलेजात. पण पहिलीतल्या मुलीचा विचार करा. कानानं ऐकून तिला गोष्ट कळेल; ‘पाणी’तल्या ‘णी’ला पहिली वेलांटी की दुसरी, हे कळणार नाही. ते बोटांखालीच कळतं. ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं उजवीकडून डावीकडे सहा टिंबांच्या घरांत टोचायचं, कागद उलटायचा आणि उठलेली टिंबं डावीकडून उजवीकडे वाचायची. हा हात बसायला वेळ लागतो, नि ब्रेलमध्ये क्रमिक पुस्तक एकाचे अनेक जाडजूड खंड होऊन येतं. ते जूनमध्ये हातात पडण्याऐवजी दिवाळीत पडलं, तर वर्ष वाया. मग परीक्षेचा लेखनिक. तासाला वीस मिनिटं जादा वेळ नियमात आहे, पण लेखनिकाची शोधाशोध बहुतेकदा मुलीच्याच गळ्यात पडते. अशा बारीकसारीक गोष्टी ज्याच्या वाट्याला आल्या, त्यालाच त्या मागणीच्या यादीत लिहिता येतात. अश्विनीसारखी तरुणी पुढे असण्याचा फरक इथे पडतो. सहानुभूती असलेला डोळस कार्यकर्ता ‘ब्रेलची पुस्तकं द्या’ म्हणेल, अश्विनी मात्र ती कोणत्या महिन्यात द्यायची तेही सांगेल.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना पहिली ते बारावी महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने मिळण्याची तरतूद आहे. दोन्ही रकाने जुळवणारी ही एक तरतूद, आणि रक्कम वर्षाला अवघी दोन हजार. ती वाढायला हवी, यात वाद नाही. पण तुम्ही गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर येत्या बैठकीत दोन गोष्टी विचारा: आपल्या पटावर अशा किती मुली आहेत, आणि त्यांची पुस्तकं आली का?